डुकराचा रुपया

कुणी जुनं नाणं घेऊन आलं की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, आणि मूठ उघडली की डोकं फिरायचं. कारण मुठीत हमखास चारमिनार असायचा. आमचं धावडा हे निजामाच्या मुलखातलं गाव. तिथल्या गाडग्या-मडक्यांतून, भिंतीच्या कोनाड्यांतून, जात्याखालून जे निघायचं ते निजामाचं, म्हणजे हाली. मला हवा होता इंग्रजांचा रुपया, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं कलदार म्हणत. कलदार हा परमुलखाचा पैसा. घाट उतरून खानदेशात किंवा तिकडं बुलढाण्याकडं गेलेल्या माणसाच्या कनवटीला लागून एखादा आला तर आला. म्हणजे देशभर ज्या नाण्यांचा पूर आला होता, त्यांचा दुष्काळ नेमका माझ्याच गावात. माझं नशीब असं पहिल्यापासून वाकडंच चालत आलं आहे.

आमची पिठाची गिरणी होती. घराला लागूनच, मधे एक पत्र्याचं दार. सकाळी सातला दादा इंजिन चालू करायचे आणि फट फट करत धूर सोडत ते संध्याकाळपर्यंत घर हलवत राहायचं. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत, अजूनही मी फोनवर बोलले की सुना दचकतात. ज्वारी दळली जात असताना एक गोडसर गरम वास यायचा, मिरची कांडायचा दिवस असला की सगळ्या आळीला ठसका लागायचा. आईच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. जेवणात काय, तर डब्यातून सांडलेल्या, जात्यात राहिलेल्या सगळ्या पिठांचं मिळून एक मिसळीचं पीठ व्हायचं, त्याची भाकरी, वर ठेचा आणि अंबाडीची भाजी. त्या भाकरीची चव रोज वेगळी असायची, कारण पीठ कुणाकुणाचं असायचं कुणास ठाऊक. मला ती फार आवडायची. आई म्हणायची, गावाचं अन्न खाऊन वाढलेली पोरगी आहे, गावाला दुखवू नको. हे ती उगाच म्हणायची नाही, कारण माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

नाण्यांचं वेड कुठून लागलं ते मला विचारू नका, मला माहीत नाही. वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात मुंबईच्या एका मासिकाची जाहिरात दिसली, मनिऑर्डर केली, आणि दर महिन्याला ते गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक आमच्या पिठाच्या घरात यायला लागलं. दादांनी एकदा उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "यात कामाचं काय हाय?" मी म्हणाले, सगळंच. ते म्हणाले, "मंग आपल्या कामाचं न्हाई." पण पैसे त्यांनीच दिले होते, हेही सांगायला पाहिजे. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान लावायची. एका महिन्याचा अंक पुरता कळेपर्यंत पुढचा यायचा.

मासिकाबरोबर लिलावाचं पुस्तक यायचं. लिलाव मुंबईत रविवारी, आणि पुस्तक माझ्या हातात त्याच्या पुढच्या बुधवारी. भोकरदनला ते दोन-चार दिवस आराम करायचं, मग धावड्याची वाट धरायचं. पोस्टमनला मी किती वेळा विचारलं असेल. तो म्हणायचा, "बाई, मी काय मुंबईहून पायी आणून राह्यलो का?" कधीकधी तर लिलावाचं पुस्तक आणि त्या लिलावाचा निकाल एकाच दिवशी यायचे. मग मी निकालाचा कागद उशीखाली दडपून ठेवायची, पुस्तक उघडायची, आणि गिरणीच्या ओट्यावर बसून पेन्सिलीनं एकेका नाण्यापुढं माझी बोली लिहायची. व्हिक्टोरिया राणीचा हा रुपया इतक्याला जाईल, तो तितक्याला. सगळं लिहून झालं की उशीखालचा कागद काढून ताडून बघायची. पुष्कळ वेळा माझे अंदाज जवळ असायचे. संपलेल्या लिलावात बोली लावून जिंकणारी मी सगळ्या महाराष्ट्रात एकटीच असेन. एकदाच खरी बोली पाठवली, एका साध्या पाव आण्यासाठी. उत्तर आलं, 'डिअर सर, आपले पत्र लिलावानंतर पोचले.' मला सर म्हटल्याचा राग जास्त आला की उशिराचा, ते आता आठवत नाही.

त्या मासिकात शेवटून दुसरं पान वाचकांचं असायचं. दर अंकात एका वाचकाच्या संग्रहातलं एक नाणं, त्याचा फोटो, खाली नाव आणि गाव. मुंबई, पुणे, कलकत्ता, हैदराबाद, मद्रास. मला त्या पानावर यायचं होतं. 'धावडा, तालुका भोकरदन' हे शब्द त्या गुळगुळीत कागदावर छापलेले बघायचे होते. दुसरं काही नको होतं. मैत्रिणींना नोकरी पाहिजे होती, नवरा पाहिजे होता, जालन्याला राहायचं होतं, मला ते पान पाहिजे होतं. बारावीचं वर्ष होतं, पण अभ्यासाचं पुस्तक उघडलं तरी डोळ्यासमोर ते पानच यायचं. हसा खुशाल.

आणि एका दुपारी कडूमावशी दळणाचा डबा उचलायला वाकली. मावशी धनगराच्या वस्तीवरची, गावापासून कोसभर दूर. घरात मेंढरं, थोडं रान, नवरा खाटेला खिळलेला, एक पोरगा आणि सून. तिच्या गळ्यात कधीमधी रुपयांची माळ असायची. ती मी लहानपणापासून पाहत आले होते, पण लुगड्याच्या आत असायची म्हणून नीट कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती वाकली, माळ बाहेर लोंबली आणि फिरली. सगळे रुपये काळे, राणीच्या तोंडाचे, आणि मधेच एक राजा. दाढीवाला, मुकुटवाला. मी म्हणाले, "मावशी, हलू नका." ती तशीच वाकलेली. मी रुपया उलटा केला. साल १९११.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचम जॉर्ज गादीवर बसला तेव्हा त्याचा जो पहिला रुपया निघाला, त्यात राजाच्या अंगरख्यावर एक बारीकसा हत्ती कोरला होता. सोंड आखूड पडली, पाय बुटके, आणि लोकांना तो डुक्कर दिसला. ओरड झाली. सरकारनं रुपया परत घेतला, वितळवला, आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट करून नवा काढला. जे थोडे लोकांच्या हातात राहिले ते राहिले. नाणीवाले त्याला डुकराचा रुपया म्हणतात. मी पिठानं माखलेल्या अंगठ्यानं राजाची छाती पुसली आणि तो दिसला. आखूड सोंडेचा, पोट सुटलेला, एकेक पाय वेगळा मोजता यावा असा. माळेत तो रुपया आतल्या बाजूला होता आणि मावशी माळ सणावाराला, लग्नाला नाहीतर बाजारालाच घालायची, त्या दिवशी कुठल्याशा लग्नाहून परस्पर आली होती, म्हणून तो झिजला नव्हता. तिचा सासरा उन्हाळ्यात घाट उतरून खानदेशात मेंढरं न्यायचा, लोकांच्या शेतात खतासाठी रात्री बसवायचा, त्याचे कलदार मिळायचे. एकेका मोसमाचा एकेक रुपया सासूच्या माळेत गेला होता. सासूची माळ मग हिला आली.

"आता उठू का?" मावशीनं विचारलं. "कंबर मोडून राह्यली माझी."

मी त्याच संध्याकाळी मासिकाला पत्र लिहिलं, रुपयाला माळेत ओवायची कडी आहे हेही. महिन्यानं उत्तर आलं, अर्थातच 'डिअर सर'. लिहिलं होतं, नाणे स्वारस्यपूर्ण वाटते. कडी लावलेली नाणी आम्ही सहसा छापत नाही. कडी नसती तर फारच चांगले झाले असते. तरीही हत्ती स्पष्ट असल्यास फोटो पाठवा, दिवाळी अंकासाठी विचार करू. हे पत्र मी गिरणीत उभी राहून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून आईला मराठीत वाचून दाखवलं. दळणाला आलेल्या दहा बायका ऐकत होत्या. मावशीही होती, पोत्यावर बसलेली. आणि मी, मूर्ख, विचार करू म्हणाले याचा आनंद करायचा सोडून त्या कडीच्या मागं लागले. त्या कडीनं वाटोळं केलं, कुणा अडाण्यानं डाग देऊन ती चिकटवलीय, कडी नसती तर आज कुठल्या कुठं. आठवडाभर माझं हेच. ज्वारी चाळताना कडी, भांडी घासताना कडी.

फोटोचाही घोळच. धावड्यात फोटोवाला नव्हता. भोकरदनचा एका रुपयाच्या फोटोसाठी यायला तयार नव्हता, म्हणाला, लग्न असेल तर सांगा. मी मावशीला म्हणाले, एक दिवसासाठी माळ द्या, सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी परत. ती म्हणाली, "माळ घराबाहेर जात न्हाई, लेकी. माझा पोरगा उभा कापीन मला." मग तुम्हीच चला. "मेंढरं कोण पाहील?" मी रोज विचारायची, ती रोज काहीतरी सांगायची, आणि दिवाळी जवळ येत चालली होती. मी आईजवळ धुसफुसायची. आई म्हणायची, तिचं आहे, ती ठरवील.

नवरात्रात मावशी आमच्याकडे आली ती दळण न घेता. तिच्या घरी अष्टमीला एक सवाष्ण आणि एक कुमारिका जेवू घालत. आईला म्हणाली, "कुमारिका म्हणून सुमनला पाठव." मी सतरा वर्षांची घोडी, मला हसू आलं. पण आईनं डोळे वटारले, आणि मलाही वाटलं, चला, माळेशी अर्धा तास तर बसता येईल.

वस्तीवर गेले. अंगण सारवलेलं, एका बाजूला काट्यांच्या वाड्यात कोकरं ओरडत होती. मावशीनं मला पाटावर बसवलं, परात आणली, आणि माझे पाय धुतले. मला फार अवघडल्यासारखं झालं. साठीची बाई, खाली बसून माझ्या पायाच्या बोटांमधला पिठाचा लगदा काढत होती. मग तिनं हळद-कुंकू लावलं, पाया पडली. जेवायला पुरणपोळी, गुळवणी, कढी, भजी, कुरडई. तिची सून वाढत होती, ती सांगत होती, "अजून वाढ, तिच्या घरी मिसळीची भाकर खाऊन राह्यती ती." सवाष्ण म्हणून शेजारच्या वस्तीवरची एक बाई होती, ती गालात हसत होती. माळ मात्र मावशीच्या गळ्यात नव्हती. मी पोळी कमी आणि तिचा गळा जास्त बघत होते.

जेवण झालं. "ओढणी पसर," मावशी म्हणाली. ओटीत गहू पडले, खोबऱ्याची वाटी पडली, हळकुंड पडलं, आणि मग तिनं कमरेची चंची सोडून काहीतरी काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि गव्हावर ठेवलं. रुपया. माळेतला. कडी नव्हती.

आणि तो पांढरा होता. वाटीच्या बुडासारखा पांढरा, नवा, चकचकीत. मी उचलला. कडीचा डाग कानशीनं घासून काढला होता आणि कड सपाट झाली होती. त्याचं काही नाही. पण राजाची दाढी गुळगुळीत, मुकुट गुळगुळीत, आणि अंगरखा जिथं असायला पाहिजे तिथं नुसता चांदीचा उतार. हत्ती नव्हता. मी रुपया उजेडात तिरपा करून पाहिला, उलटा धरून पाहिला. काही नव्हतं.

मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती. खूश होती. सांगत होती, "पोराशी भांडून घेतला. म्हणले, ती वाचती, तिला कळतं, आपल्याला काय करायचा. दोनदा गेल्ते सोनाराकडं. पह्यल्यांदा त्यानं नुस्ती कडी काढून देल्ती. म्हणले, काळाकुट्ट दिसून राह्यला, लेकीच्या ओटीत घालायचा हाय, असा देऊ का? चांगला चाकावर घास."

पहिल्यांदा नुसती कडी काढून दिली होती. म्हणजे एक दिवस, निदान एक रात्र, या घरात तो रुपया कडीशिवाय, हत्तीसकट होता. दिवाळी अंकाला हवा तसा. तेवढं ऐकलं आणि माझा तोल गेला. इतक्या वर्षांनी मी ते शब्द जसेच्या तसे लिहू शकते, कारण ते माझ्या कानातून गेलेच नाहीत. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही वाटोळं केलं. याच्यावर जे होतं तेच घासून टाकलं. आता हा चांदीचा तुकडा आहे, कुणी ढुंकून बघणार नाही. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

सून भांडी उचलता उचलता थांबली. मावशीला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "तूच म्हणे ना, कडीनं वाटोळं केलं?" आणि मग तिला कळलं. तिचा चेहरा पडला, पण ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं मला अगदी कामाचं विचारल्यासारखं विचारलं, "मंग कडी परत लावून आणू का?"

मी रुपया तिच्या हातात ठेवला. ओटीतलं देणारीच्या हातात परत देत नाहीत, हे आमच्याकडं रांगणाऱ्या पोरीलाही माहीत असतं. मला माहीत होतं. मी म्हणाले, "लावा काय लावायचं ते," आणि ओढणीतले गहू तिथंच पाटावर ओतले आणि चालू लागले. वाटेत मी मावशीसाठी रडले असं लिहायला मला आवडलं असतं. मी हत्तीसाठी रडले.

घरी आईनं सगळं ऐकलं आणि इंजिन बंद करायला लावलं, दळण मधेच अडकलेलं असताना. असं ती कधी करत नसे. त्या शांततेत ती म्हणाली, "पाय धुतले तिनं तुझे." एवढंच. दुसऱ्या दिवशी ती स्वतः वस्तीवर जाऊन आली. मी गेले नाही. मी मासिकाला लिहिलं की नाणे उपलब्ध नाही. दिवाळी अंक दिवाळीनंतर आला, शेवटून दुसऱ्या पानावर मुंबईच्या कुणा गृहस्थांचा अर्धा आणा होता, अगदी सामान्य. मी अंक पिठाच्या पोत्यावर आपटला. मावशीकडून त्यानंतर दळण घेऊन सून यायची. मावशी आली नाही.

आता सगळं सोपं झालं आहे. लिलाव फोनवर चालतो, मी संभाजीनगरच्या घरात भाजी निवडत बोली लावते, आणि वेळेत पोचते. डुकराचे रुपये माझ्याकडे दोन आहेत, दोन्हींवर हत्ती ठसठशीत. त्या पानावर नावही आलं, एकदा नाही, तीनदा, सर काढून टाकून. नातेवाइकांना मात्र माझ्याकडून एवढंच कळून घ्यायचं असतं की घरातली ट्रॅक्टरवाली नोट लाखाला जाते का. नाही जात. किती वेळा सांगू.

त्या अष्टमीनंतर दोन वर्षांनी मी मावशीला भोकरदनच्या बाजारात पाहिलं. मी कॉलेजातून सुटून एसटीची वाट बघत होते. ती रस्त्याच्या पलीकडं शेंगांचं पोतं मांडून बसली होती, आणि गळ्यात माळ होती. एवढ्या गर्दीतून मला आधी ती नाही दिसली, तो रुपया दिसला. सगळ्या काळ्या रुपयांमधे एकच पांढराशुभ्र, नव्या कडीचा. तिनं खरंच परत लावून आणला होता.

मी दोन एसट्या सोडल्या. मग रस्ता ओलांडून तिच्यासमोर जाऊन बसले. ती शेंगा मोजत राहिली. मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं."

"कशात?" ती वर न बघता म्हणाली. "रुपयात का ओटीत?"

"ओटीत," मी म्हणाले. "रुपयात तुमचं चुकलं होतं."

तिनं मग वर पाहिलं. मला वाटलं, आता ही मला बाजारात शिव्या घालणार, आणि घालायलाच पाहिजेत. ती म्हणाली, "जीभ काही सुधरली न्हाई तुझी. ओढणी पसर." मी पसरली. तिनं पोत्यातून ओंजळभर शेंगा घेऊन माझ्या ओढणीत टाकल्या, मग आणखी एक ओंजळ. "रुपया मात्र आता देत न्हाई," म्हणाली.

मी मान हलवली. मला खरोखर बरं वाटलं होतं, डोळ्यांत पाणीही आलं होतं. आणि तरी, शेंगा ओढणीत पडत असताना मी पुढं झुकून तिच्या गळ्याकडं बघत होते, त्या गुळगुळीत छातीवर आखूड सोंडेचा एखादा तरी कोपरा उरलाय का म्हणून.